हैबतीची नळी

हैबती माझ्या स्टुडिओत पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला बसायला सांगितलं आणि तो बसला नाही. पुढे कितीतरी वर्षं तो येत राहिला, पण त्या लाकडी बाकावर टेकलेला मी त्याला कधी पाहिला नाही. दारापासून काउंटरपर्यंत, काउंटरपासून दारापर्यंत त्याच्या येरझाऱ्या चालायच्या. मध्येच थांबून भिंतीवरचे नवरा-नवरीचे फोटो बघायचा, रस्त्यावर नजर टाकायचा, पुन्हा चालू लागायचा. पडद्यापुढे सावरून बसलेली गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून बुजायची.

माझा स्टुडिओ महाडला, चवदार तळ्याजवळच्या गल्लीत. लग्नातले जोड, शाळेतले ग्रुप, मार्चात तळ्यावर माणसं जमली की लांबून आलेल्या कुटुंबांचे फोटो, असं माझं काम. सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर हा माणूस दारात उभा राहिला. अंगात विटका खाकी शर्ट, पायात फौजी बूट. खिशातून फिल्मचा रोल काढून म्हणाला, "हा धुवून द्या, भाऊ."

"कुठून आलात?"

"कुडपण."

कुडपण म्हणजे पोलादपूरच्याही वर, सह्याद्रीच्या कण्याला टेकलेलं पठार. तिथून पोलादपूरला उतरण्यात दिवस जायचा आणि तिथून पुढे एसटीने महाड. शेती आणि म्हशी यांवर जगणारं गाव. तिथून कुणी रोल धुवायला येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

रोल धुतला. उजेड पडला नसला की निगेटिव्ह काचेसारखी कोरी राहते. ही जवळजवळ कोरीच होती. कुठेकुठे पुसट काही होतं, तेही हललेलं. मोठ्या कष्टाने एक प्रिंट काढला तर त्यात डोंगराची काळी कड आणि तिच्याखाली धुरासारखे चार-पाच पट्टे.

"हे काय आहे, हैबतराव?"

"माणसं हायत. शेतातनं घरी येतात." त्याने पट्ट्यांवर बोट ठेवलं. "पाच हायत. बरोबर. पाचच होती."

एवढं बोलून त्याने तो प्रिंट मोठ्या समाधानाने शर्टाच्या आत घातला आणि बाहेर पडला. मी दारात येऊन बघत राहिलो. एसटीला अजून पुष्कळ वेळ होता, तरी तो धावल्यासारखा चालला होता.

पुढे ओळख वाढली तसतसं त्याचं मला कळत गेलं. दुसऱ्या महायुद्धात तो मराठा पलटणीत होता. इटलीच्या डोंगरांत त्याच्याकडे दुर्बिणीचं काम होतं. पुढच्या टेकडीवर काय हलतंय ते बघायचं आणि हवालदाराला सांगायचं. हवालदार म्हणायचा, "दिसेल तेवढंच बोल, वाटेल ते बोलू नको." उगवतीला आणि मावळतीला सगळी पलटण बंदुका घेऊन खंदकात उभी राहायची, कारण शत्रू नेमका तेव्हाच यायचा. त्याला ते 'स्टँडटू' म्हणायचे. शेवटचा उजेड जाईपर्यंत कुणी बसायचं नाही, बोलायचं नाही, विडी ओढायची नाही. आणि गस्तीला बाहेर गेलेली टोळी परत येताना हैबतीने दुर्बिणीतून माणसं मोजायची. कधी संख्या भरायची, कधी नाही भरायची.

लढाई संपली, तो घरी आला, लग्न झालं. दिवसा तो नांगर धरी, म्हशी सोडी, चारचौघांसारखा वागे. पण सूर्य डोंगराआड जायला लागला की त्याच्या पायांत काहीतरी शिरायचं. बायको भागूबाई दिवा लावून भाकरी टाकायची आणि हा अंगणात उभा. आत बोलावलं तरी येत नसे. शेतातली, रानातली सगळी माणसं गावात आली असं बघितल्याशिवाय त्याला घास जात नसे.

भागूबाईचा भाऊ चांगू मुंबईत गोदीत होता. त्याने एका खलाशाकडचा जर्मन कॅमेरा आणि त्याला लावायची हातभर लांब लेन्स आणून दाखवली. हैबतीने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि समोरच्या डोंगरावरचं झाड पायाशी आलं. त्याच आठवड्यात दावणीची एक म्हैस कमी झाली.

"म्हैस दूध तरी देत होती," भागूबाई म्हणाली. "ही नळी काय देणार?"

मी त्याला एकदा विचारलं, "बघायचंच होतं तर दुर्बीण घ्यायची. एवढा खर्च कशाला?"

"दुर्बिणीतलं राहत नाय, भाऊ," तो येरझारा घालता घालता म्हणाला. "बघितलं नि गेलं. रात्री अंथरुणात वाटतं, खरंच सगळी आली का? फोटू असला की बघता येतं."

मी त्याला समजावलं, की लांब लेन्स उजेड फार कमी आत घेते. त्यात संध्याकाळ. शटर दोन-चार सेकंद उघडं ठेवावं लागतं, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली तरी नळी हलते आणि चालत्या माणसाचा धूर होतो. त्यापेक्षा सकाळी दहा वाजता फोटो काढा, सुरेख येतील.

"सकाळी धाला काय होतं?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

शेवटी मीच हार मानली. सागवानी तिपाई करून घ्यायला सांगितली, नळीवर वाळूची पिशवी टाकायला सांगितली, बोट न लावता शटर सोडायची केबल दिली. मिळेल तेव्हा कमी उजेडात चालणारी तेज फिल्म त्याच्यासाठी बाजूला ठेवू लागलो. फोटो थोडे सुधारले. धुराला हातपाय फुटले.

गावात मात्र वेगळंच पेटलं.

संध्याकाळी बायका पाण्याला जातात, लाकडं आणतात आणि अंधार पडू लागला की आडोशालाही जातात. हैबती अंगणात तिपाई लावून नळी पाऊलवाटेकडे फिरवायचा. नळीतून लांबचं जवळ दिसतं हे एकदा गावाला कळलं आणि बायकांनी ती वाट सोडली. भागूबाई झऱ्यावर गेली की बोलणं बंद व्हायचं. एक दिवस साळूबाईने तोंडावरच सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला काय बघायचं असंल तर तुलाच बघ म्हणावं. आमच्यामागं नळी लावू नको."

भागूबाई भरलेली घागर तिथेच ओतून घरी आली. "उद्या ही नळी घरात दिसली तर मी माहेरी जातंय."

हैबतीला तोवर काहीच माहीत नव्हतं. तो आधी रागावला, मग काळवंडला. तसं कुणी बघेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मी मोजत असतो," एवढंच तो म्हणत राहिला. "फक्त मोजत असतो."

पाटलांनी गावाची बैठक बसवली. बायका मागे दाटीने उभ्या. हैबतीने मधोमध कॅमेरा ठेवला आणि भागूबाईला म्हणाला, "तू बघ. तुला दिसंल ते सगळ्यांना सांग."

भागूबाईने तोवर त्या वस्तूला हातही लावला नव्हता. ती तिरमिरीतच पुढे झाली आणि डोळा लावला. गावाबाहेरच्या कड्यावरून खोऱ्यापलीकडे नळीचं तोंड होतं. लावलेला डोळा तिने काढलाच नाही.

"काय दिसतंय गो?" साळूबाईने मागून विचारलं.

"पलीकडली वाडी," भागूबाई म्हणाली. "घरं. एक बाई शेण थापतेय. पण तोंड नाय ओळखत. कोण ते नाय कळत."

मग एकेकीने बघितलं. साळूबाईने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. शेवटी पाटलांनी ठरवून दिलं, की नळी गावाकडे फिरवायची नाही. गावाबाहेर कड्यावर सपाट कातळ होता, तिथे सगळ्यांसमक्ष लावायची आणि तोंड खोऱ्याकडे. हैबतीने मान्य केलं. गावातली माणसं तो आता नुसत्या डोळ्यांनी मोजू लागला आणि मग कातळावर पळू लागला.

पण कातळावर तो एकटा राहिला नाही. बायका येऊ लागल्या. खोऱ्यापलीकडच्या वाडीत कुणाचं माहेर, कुणाची बहीण, कुणाची मावशी. समोरासमोर मैलभराचंच अंतर, पण मध्ये खोल खोरं. उतरून चढायला दोन-अडीच तास. सासरी आल्यावर सणासुदीलाच जाणं व्हायचं. आता रोज संध्याकाळी माहेरचं दार बघायला मिळू लागलं. नळीपुढे रांग लागे आणि हैबतीचा फोटोचा उजेड रांगेतच संपून जाई. तो मागे तडफडत उभा. "आवरा, आवरा गो बायांनो, उजेड चाललाय!" कुणी ऐकायचं नाही.

त्यांतली ठमाबाई सर्वांत चिकट. तिचं माहेर अगदी समोर, वाडीच्या टोकाचं घर. तिथे तिचा म्हातारा बाप रावजी आणि भाऊ महिपती. आईच्या तेराव्याला बहीण-भावांत बोलाचाली झाली होती. ठमाबाई भावजयीला काहीतरी लागेल असं बोलली आणि तेव्हापासून महिपतीने तिला ना दिवाळीला नेलं, ना गौरीला. बापाने बोलवायचं म्हटलं तरी मुलगा जाणार नाही. ती रोज नळीतून बघायची, कधी अंगणात पांढरं धोतर दिसायचं, आणि मग घरी जायची.

होळीच्या अलीकडची एक संध्याकाळ. आभाळ मळकट होतं, उजेड लवकर चालला होता. ठमाबाई नळीशी होती आणि एकदम म्हणाली, "भावजी, बघा. आमच्या दारात माणसं जमलीत."

हैबतीने बघितलं. अंगणात खरंच माणसं होती. पुष्कळ. नेहमी जिथे कुणी नसतं तिथे काळा घोळका आणि घोळक्याच्या मध्ये जमिनीवर लांबट पांढरं काहीतरी. हात सवयीने केबलवर गेला आणि त्याने फोटो घेतला. मग तो तसाच वाकून राहिला.

"काय हाय भावजी? सांगा ना!"

नंतर हैबती मला म्हणाला होता, "भाऊ, मला माणसं दिसली नि पांढरं दिसलं. तेवढंच सांगायचं होतं."

पण त्या संध्याकाळी तो म्हणाला, "मयत दिसतंय, वयनी."

ठमाबाईने हंबरडा फोडला. तिचा नवरा मुंबईला गिरणीत, घरी सासूशिवाय कुणी नाही. कुणी थांबवायच्या आत ती कड्याच्या वाटेने उतरायला लागली. हैबतीने कॅमेरा भागूबाईच्या हातात दिला, पाटलांकडची बत्ती घेतली आणि तिच्यामागे धावला. सगळं खोरं ती रडत उतरली आणि रडत चढली. तिला ठेच लागली, पदर काट्याने फाटला. हैबती पुढे बत्ती धरून चालला होता आणि त्याच्या मनात एकच चाललं होतं, की आपण चेहरा बघितला नाही, तिरडी बघितली नाही, बघितलं काय होतं आपण?

वाडीत शिरल्या शिरल्या तिने गळा काढला. "बाबाऽऽ! मला टाकून गेलात हो बाबाऽऽ!" आणि तशीच अंगणात घुसली.

अंगणात पंगत बसली होती.

महिपतीच्या मोठ्या लेकीची सुपारी फुटली होती. मुलाकडची माणसं आली होती. अंगणात पाहुण्यांसाठी लांबलचक पांढरी चादर अंथरली होती आणि आता पानं वाढली होती. पाहुणे घास हातात घेऊन थिजले. पंगतीच्या पहिल्या पानावर रावजी बसला होता.

त्याने हातातला घास पानात ठेवला. "ठमे? काय झालं गो? कोण गेलं?"

ठमाबाईने त्याच्याकडे बोट दाखवलं. "तुमी," ती म्हणाली.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग महिपती उठला. "सुपारीच्या दिवशी दारात रडत आली! पाहुण्यांसमोर! कुणी पाठवली तुला?"

"ती माझ्या नावानं रडली ना?" रावजी म्हणाला. "मग अपशकुन असंल तर माझा. तुझ्या लेकीला काय त्याचं?" तो गुडघ्यावर हात टेकून उठला, लेकीचे रक्ताळलेले पाय बघितले आणि मुलाकडे वळला. "घरात शुभकार्य हाय आणि लेकीला सांगावा नाय. आणि ती, मी मेलो म्हणून, काट्याकुट्यातनं धावत आली."

मुलाकडचा एक वयस्क पाहुणा शहाणा निघाला. "जिवंत माणसाच्या मरणाची बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात," तो म्हणाला. "म्हाताऱ्याची आणखी धा वर्सं नक्की झाली. बाईला पान वाढा."

ठमाबाई बापाशेजारी जेवायला बसली. जेवली काही नाही.

हैबती गोठ्याशी अंधारात उभा होता. महिपती त्याच्याकडे आला. "तूच ना तो नळीवाला? परत माझ्या दाराकडं नळी लावलीस तर नळी आणि तू, दोघं खोऱ्यात जाल."

हैबती एक पाऊल मागे अंधारात सरकला.

तो रोल घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा तळ्यावर मार्चातली गर्दी होती आणि माझ्या दारात फोटोसाठी रांग. "आता वेळ नाही, हैबतराव." तो गेला नाही. दिवसभर गल्लीत फिरत राहिला. संध्याकाळी डार्करूममध्ये माझ्यामागे उभा राहिला. कागद ट्रेमध्ये टाकला आणि लाल उजेडात चित्र हळूहळू वर येऊ लागलं. अंगणात चार खांबांवर पानांचा मांडव होता. दाराला तोरण होतं. एका कोपऱ्यात चुलीचा जाळ. चादरीच्या कडेला माणसं निवांत मांडी घालून बसली होती.

"हे सगळं तेव्हा होतं?" त्याने विचारलं.

"होतं. तुम्ही क्षणभर बघितलंत, फिल्मने चार सेकंद बघितलं. कमी उजेडात तेवढा फरक पडतो."

तो ओल्या कागदावर वाकून कितीतरी वेळ उभा राहिला. तेव्हा पहिल्यांदाच मी त्याला न हलता उभा पाहिला. मग त्याने कपाळावर मूठ मारून घेतली आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू झाल्या.

मला वाटलं, आता तो कॅमेरा विकणार. पण सुपारीच्या त्या संध्याकाळी एक ठराव झाला होता, तो मला त्याच्याकडूनच नंतर कळला. ती निघताना रावजीने तिला सांगितलं होतं, "रोज दिवेलागणीला मी ओट्यावर कंदील घेऊन बसंन. कंदील दिसला की समज, मी हाय. कुणी बोलव न बोलव." महिपती पुष्कळ कुरकुरला. पण बापाने ओट्यावर बसू नये असं त्याला म्हणता येईना. मग नळी तिकडे लावू नको असंही म्हणता येईना.

पुढच्या थंडीत मी स्वतः कुडपणला गेलो. मला तो कंदील बघायचा होता. चढून चढून माझे पाय गेले होते. मी कातळावर बसलो आणि हैबतीला जवळून पाहिलं. सूर्य गेला तसा तो बदलत गेला. मान ताठ झाली, बोलणं तुटक झालं. वाटेवर नजर. "साळूबाई आली. पाटलाचा गुराखी आला. म्हशी तीन कमी... आल्या." बोटं सारखी शर्टाच्या गुंडीशी चाललेली. ठमाबाई आली, नळीला डोळा लावला, "बसलाय," म्हणाली आणि तिचा चेहरा सैल झाला.

"आता घ्या," मी म्हणालो. "वारा नाही. आणि आज तुमच्याकडे बसलेला माणूस आहे."

त्याने वाळूची पिशवी सारखी केली, श्वास रोखला, केबल दाबली. मी मनात आकडे मोजले. शटर मिटलं. महाडला येऊन धुतला, तर कंदिलाचा ठिपका सुईच्या टोकासारखा स्वच्छ, त्याच्या उजेडात ओट्याची कड, आणि नखाएवढा, एक खांदा खाली सोडून बसलेला पांढऱ्या धोतरातला म्हातारा. मी त्याचा मोठा प्रिंट काढून ठमाबाईसाठी पाठवला आणि एक माझ्यासाठी ठेवला.

दीडेक वर्ष तो कंदील लागत राहिला. मग एका श्रावणात, पावसाला उघडीप मिळालेल्या संध्याकाळी, ठमाबाई नळीपासून बाजूला झाली. "दिवा नाय."

हैबतीने बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "दिवा दिसत नाय," तो म्हणाला. "दार उघडं दिसतं. माणसं नायत. आणखी काय दिसत नाय, वयनी."

"तेल संपलं असंल," ती म्हणाली. तिलाही मागच्या फजितीची भीती होती. महिपतीच्या दारात पुन्हा वेड्यासारखं जायचं तिला धाडस होईना. "उद्या बघू."

हैबती घरी गेला, पानावर बसला आणि उठला. भागूबाईने त्याच्याकडे बघितलं. "जा तुमी," ती म्हणाली. "नायतरी रातभर अंगणात फिरणार. त्यापेक्षा तिकडं जाऊन या." आणि तिनेच बत्तीत तेल घातलं.

ओढ्याला पाणी होतं. कमरेएवढ्या पाण्यातून तो पार झाला. महिपतीने दारात त्याला बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "आता काय दिसलं?"

"काय दिसलं नाय. म्हणून आलो."

रावजी आत घोंगडीखाली पडला होता. तापाने फणफणलेला. महिपती म्हणाला, "साधा ताप हाय, उतरंल." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. म्हाताऱ्याने हैबतीला ओळखलं. "ओट्यावर कंदील लाव बाबा," तो पुटपुटला. "तू बस माझ्या जागी. पोर घाबरली असंल."

"लाव की," महिपतीही म्हणाला. "ती कड्यावर येऊन बघत असंल. निवांत झोपंल तरी."

कंदील तिथेच खुंटीला होता. हैबतीने तो काढला, हातात धरला. पलीकडच्या अंधारात ठमाबाई जागीच असणार हे त्याला माहीत होतं. त्याने कंदील परत खुंटीला लावला. "नाय," तो म्हणाला. "मी तुमी नाय. ते खोटं होईल."

रात्रभर तो म्हाताऱ्याच्या उशाशी, चुलीपाशी, दाराशी असा फिरत राहिला आणि फटफटताच निघाला. ठमाबाई कातळावरच होती.

"तुमचा बापूस जिवंत हाय," तो धापा टाकत म्हणाला. "ताप हाय. मोठा हाय. बोलतो. तुमचं नाव घेतलं. महिपतीनं तुम्हाला बोलावलं नाय, पण येऊ नको असंही म्हणाला नाय. एवढं बघितलं मी."

ती त्याच पावली निघाली. आठवडाभर तिने बापाची सेवा केली. पेज भरवली, पाय चेपले. भावजयीशी आधी कामापुरतं बोलली, मग जास्त. रावजी तिच्या मांडीवर गेला. या वेळी तिने हंबरडा फोडला नाही. "त्यांच्यासमोर रडून झालंय माझं," ती म्हणाली. "त्यांनी ऐकलं होतं." तेरावं होईपर्यंत महिपतीने तिला सोडलं नाही.

त्या वर्षीच्या माघात महिपती माझ्या स्टुडिओत आला. मी त्याला ओळखत नव्हतो. त्याने नाव सांगितलं आणि इकडेतिकडे बघत उभा राहिला.

"आमच्या बाबाचा फोटू तुमच्याकडं हाय म्हणतात. कुडपणच्या त्या माणसानं काढलेला."

मी खणातून प्रिंट काढून दिला. तो घेऊन तो दाराच्या उजेडात गेला.

"तोंड दिसत नाय," तो म्हणाला.

"नाही. अंतर फार आणि उजेड कमी."

"पण बसणं त्याचंच हाय." त्याने म्हाताऱ्याच्या पडलेल्या खांद्यावर अंगठा फिरवला. "मी रोज घरात असायचो. ओट्यावर जाऊन बघितलं नाय कधी, कसा बसतो ते."

त्याला मी एक प्रत काढून दिली. ती कागदात गुंडाळून तो पायरीपर्यंत गेला आणि परत आला.

"धाकट्या लेकीचं लग्न हाय वैशाखात. त्या हैबतीला सांगा, फोटू काढायला ये म्हणावं."

मी म्हणालो, "त्याची लेन्स जवळच्या कामाची नाही हो. मांडवात उभा राहिला तर नवरीचं नाकसुद्धा मावायचं नाही. त्याला लांब शेतात उभं राहावं लागेल."

"मग राहू दे शेतात उभा," महिपती म्हणाला. "पण जेवायला घरात ये म्हणावं."

हैबती गेला. सोबत भागूबाई गेली, ठमाबाई तर आठ दिवस आधीच गेली होती. लग्न भर दुपारचं होतं. इतक्या उजेडात कॅमेरा कसा चालवायचा हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. सगळे फोटो जळून पांढरे झाले. धुतलेला रोल बघून तो चार वेळा दारापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, आता महिपतीला काय सांगू?"

मी म्हटलं, "दिसतंय तेच सांगा."